लिथुआनियाची बास्केटबॉल टीम: फॅनला सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि जमतील तशी उत्तरं

लिथुआनियाच का? दुसरी टीम नाही सापडली?

हा प्रश्न पहिला येणार हे माहीतच होतं. अहो, जेमतेम २८-२९ लाख लोकांचा देश, फुटबॉलमध्ये कुणी विचारत नाही, आणि बास्केटबॉलमध्ये बघा, युरोबास्केट, म्हणजे युरोपची चॅम्पियनशिप, ३ वेळा जिंकलेलं, ऑलिंपिकची ३ ब्राँझ, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं १ ब्राँझ. तिकडे बास्केटबॉलला दुसरा धर्म म्हणतात आणि त्यांच्या मॅचचं स्टेडियम एकदा बघितलं की ते पटतं, टूर्नामेंट कुठल्याही देशात असो, अर्धं स्टेडियम हिरवं झालेलं असतं. अमेरिकेचा फॅन व्हायला काही लागत नाही, जिंकतातच ते. या टीमचा फॅन व्हायला बीपीची गोळी लागते.

इतका छोटा देश बास्केटबॉलमध्ये आला कसा?

अमेरिकेत गेलेल्या लिथुआनियन लोकांमुळे. १९३७ मध्ये रीगाला युरोबास्केट झालं तेव्हा अमेरिकेत वाढलेले लिथुआनियन वंशाचे प्लेअर टीममध्ये घेतले आणि थेट कप उचलला. जिंकले म्हणून पुढचं, १९३९ चं, यजमानपद लिथुआनियातल्या काउनास शहराला मिळालं आणि त्यासाठी त्यांनी खास बास्केटबॉलचा हॉल बांधला. त्या टीमचा हिरो प्रानास लुबिनास. हा लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून गोल्ड जिंकलेला माणूस! आई-वडिलांच्या देशात गेला आणि तिथल्या लोकांना खेळ शिकवून बसला. १९३९ ला लात्वियाविरुद्ध ३७-३६ ने जिंकले, शेवटची बास्केट त्याचीच. शेजाऱ्याला घरच्या हॉलमध्ये एका पॉइंटने हरवलं म्हटल्यावर पुढच्या तीन पिढ्यांना विषय मिळाला ना.

मग १९३९ नंतर टीम एकदम १९९२ च्या ऑलिंपिकलाच दिसते? मधे कुठे गेली?

देशच गेला होता. १९४० मध्ये सोव्हिएत युनियनने गिळला आणि मग चांगले प्लेअर सोव्हिएत टीमकडून खेळायला लागले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत युनियनने सेमीफायनलला अमेरिकेला ८२-७६ ने आणि फायनलला युगोस्लाव्हियाला हरवून गोल्ड घेतलं, हे सगळे सांगतात. त्या टीमच्या मेन पाचांपैकी चार जण लिथुआनियाचे होते, हे सहसा कोणी सांगत नाही. साबोनिस, मार्च्युल्योनिस, कुर्टिनाइटिस आणि खोमिच्युस. रेकॉर्डबुकमध्ये ते मेडल सोव्हिएत युनियनचं आहे आणि तसंच राहणार, पण काउनासमध्ये कुणाला विचारलं तर हिशोब वेगळा निघेल.

त्या काळात लोकांची खरी टीम म्हणजे काउनासचा क्लब झाल्गिरिस. १९८५, ८६ आणि ८७ असं लागोपाठ तीन वर्षं मॉस्कोच्या आर्मीच्या क्लबला, म्हणजे सीएसकेएला, मागे टाकून त्यांनी सोव्हिएत लीग जिंकली. झेंडा फडकवायला बंदी होती पण मॅचला ओरडायला बंदी नव्हती, एवढ्यावरून समजून घ्या.

ते रंगीबेरंगी टी-शर्टचं काय प्रकरण आहे?

१९९२, बार्सिलोना. १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलेला देश, तिजोरीत खडखडाट, ऑलिंपिकला टीम पाठवायला पैसे नाहीत. मार्च्युल्योनिस तेव्हा एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या प्रो लीगमध्ये, गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे खेळत होता, त्याने इकडून तिकडून पैसे जमवायला सुरुवात केली, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेटफुल डेड बँडच्या कानावर गेलं आणि त्यांनी पैसेही दिले आणि पिवळा-हिरवा-लाल टाय-डाय टी-शर्टांचा गठ्ठाही दिला, त्यावर डंक मारणारा सांगाडा. सेमीफायनलला ड्रीम टीमने, म्हणजे एनबीए स्टारच्या अमेरिकन टीमने, १२७-७६ धुतलं, ते सोडा, त्यांनी सगळ्यांनाच धुतलं. खरी मॅच ब्राँझची. समोर कोण तर युनिफाइड टीम, म्हणजे फुटलेल्या सोव्हिएत युनियनचे उरलेले लोक, कालपर्यंतचे टीममेट. ८२-७८. आणि पोडियमवर सगळे ते सांगाड्याचे टी-शर्ट घालून उभे! गोल्डवाल्यांनी काय घातलं होतं यापेक्षा ब्राँझवाल्यांचा टी-शर्ट आजही जास्त विकला जातो असं मला उगाच वाटतं.

साबोनिस एवढा भारी होता तर एनबीएत इतका उशिरा का गेला?

एनबीएच्या पोर्टलंड टीमने १९८६ लाच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन प्लेअरच्या निवडीत, घेतला होता, पण सोव्हिएत लोक सोडणार थोडेच, आणि त्यात टाचेच्या नसेच्या दुखापती. गेला तेव्हा १९९५ उजाडलं, वय ३० आणि गुडघे-टाचा साठ वर्षांच्या. तरी ७ फूट ३ इंचाचा तो माणूस पाठीमागून असे पास द्यायचा की गार्ड, म्हणजे बॉल आणून खेळ रचणारे प्लेअर, लाजावेत. जुने सोव्हिएत काळातले व्हिडिओ मिळाले तर बघाच, पळायचासुद्धा तो.

अमेरिकेला खरंच हरवलंय का, की फॅन लोक वाढवून सांगतात?

खरंच हरवलंय, आणि एनबीएवाल्या अमेरिकेला. क्रमाने सांगतो.

२०००, सिडनी, सेमीफायनल. त्याआधी एनबीए प्लेअर असलेली अमेरिकन टीम ऑलिंपिकमध्ये कधी हरलीच नव्हती. दोन पॉइंटने मागे, शेवटचा बॉल शारुनास यासिकेविच्युसच्या हातात (पुढे मी सारास म्हणेन, सगळे तेच म्हणतात), थ्री, म्हणजे लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट, उचलला आणि तो कमी पडला. ८५-८३. सारासचे त्या दिवशी २७ पॉइंट होते आणि त्या वेळी तो एनबीएत नव्हता हे लक्षात घ्या. ते हरणं आहे, मान्य, पण खरी सुरुवात तिथून झाली. अमेरिका हरू शकते हे जगाला त्या रात्री दिसलं.

२००४, अथेन्स. ग्रुप मॅच, ९४-९०, सारास २८ पॉइंट. गंमत म्हणजे त्याच ऑलिंपिकमध्ये ब्राँझच्या मॅचला पुन्हा अमेरिकाच समोर आली आणि तिथे आपण १०४-९६ ने हरलो. हा पॅटर्न लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२०२३, वर्ल्ड कप, मनिला. पहिले ९ थ्री मारले आणि ९ च्या ९ आत! पहिला क्वार्टर ३१-१२. मी स्कोअर दाखवणारं अॅप बंद करून परत चालू केलं, वाटलं अडकलंय. अँथनी एडवर्ड्सने एकट्याने ३५ टाकले, अमेरिका परत आली, पण शेवटी ११०-१०४. वालान्च्युनास आणि बाकी मोठ्या पोरांनी रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडण्यात, अमेरिकेला अक्षरशः उचलून बाजूला ठेवलं.

मग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला लिथुआनिया का नव्हता?

इथे जरा नियम समजून घ्यावे लागतील, थोडं लांबेल, पण याच्याशिवाय या टीमचं दुःख कळणार नाही.

ऑलिंपिकला फक्त १२ टीम. २०२३ च्या वर्ल्ड कपमधून ७ थेट जाणार होत्या, त्यात युरोपला जागा दोनच. यजमान फ्रान्स वेगळा. उरलेल्या ४ जागांसाठी ४ क्वालिफाइंग टूर्नामेंट, प्रत्येकीत ६ टीम, आणि जाणार फक्त एक. म्हणजे दुसरा आलात तरी घरी.

आता बघा. अमेरिकेविरुद्धच्या मॅचच्या आधीच दोन्ही टीम क्वार्टरफायनलला पोचल्या होत्या, म्हणजे मॅच होती फक्त ग्रुपमध्ये पहिलं कोण यासाठी. जिंकलो, पहिले आलो, आणि बक्षीस म्हणून क्वार्टरफायनलला सर्बिया मिळाली. अमेरिकेला दुसरी आल्याबद्दल इटली मिळाली आणि त्यांनी इटलीला १००-६३ ने उडवलं. आपण सर्बियाकडून ८७-६८. त्या वर्षी सेमीफायनलला जर्मनी, सर्बिया, कॅनडा, अमेरिका पोचले, म्हणजे युरोपचे दोन गेले जर्मनी आणि सर्बिया. सर्बियाला हरवलं असतं तर त्या जागी आपण, सरळ पॅरिस. जगाला आठवते अमेरिकेची मॅच, पण तिकीट होतं दोन दिवसांनंतरच्या मॅचमध्ये.

मग २०२४ ला क्वालिफाइंग सॅन हुआनमध्ये, पोर्टो रिकोच्या घरी. सेमीला इटलीला हरवलं, फायनलला पोर्टो रिकोकडून ७९-६८. खेळ खल्लास. त्याच्या आधी २०२१ मध्ये तर क्वालिफाइंग आपल्या घरी, काउनासमध्ये होती, आणि तिथे स्लोव्हेनियाचा लुका डोंचिच ट्रिपल डबल करून, म्हणजे तीन गोष्टींत दुहेरी आकडा गाठून, गेला, ९६-८५. १९९२ पासून एकही ऑलिंपिक न चुकलेली टीम लागोपाठ दोन चुकली.

टीमचा नेमका प्रॉब्लेम काय आहे?

गार्ड. बस, एवढंच उत्तर आहे, पण तुम्ही विचारलंय तर सविस्तर ऐका.

या देशात उंच पोरं येतातच. साबोनिस, मग इल्गाउस्कास, मग वालान्च्युनास, मग साबोनिसचा पोरगा डोमांतास, मधे मोतेयुनास पण होता. सेंटरची, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच माणसांची, कधी कमतरता नाही. पण शेवटच्या दोन मिनिटांत, शॉट मारायच्या घड्याळावर ७ सेकंद उरलेत, ठरलेली चाल मोडलीय, समोरचा अंगावर आलाय, तेव्हा बॉल घेऊन काहीतरी निर्माण करणारा माणूस लागतो. सारास २०१२ नंतर थांबला आणि तो माणूस गेला. सेंटरला बॉल आत द्यावा लागतो हो, तो स्वतः घेऊन येत नाही! समोरची टीम आत दोघं-तिघं उभे करते, बाहेरून थ्री पडले तर ठीक, नाही पडले की मग आपली टीम कंपासशिवाय निघालेल्या जहाजासारखी थ्रीच्या लाइनवर गोल गोल फिरते.

आणि पुरावा हवा असेल तर हरलेल्या मोठ्या मॅच काढा आणि समोर कोण होतं बघा. १९९५ ची युरोबास्केट फायनल: युगोस्लाव्हियाचा जॉर्जेविच, ४१ पॉइंट, ९ थ्री. २०११: मॅसेडोनियाचे मकॅलेब आणि इलिएव्स्की. २०२१: डोंचिच. २०२२ ला जर्मनीचा श्रोडर. २०२३ च्या पाचव्या जागेच्या मॅचला लात्वियाच्या झागर्सने १७ असिस्ट, म्हणजे थेट बास्केट होणारे पास, दिले, सतरा! ९८-६३ हरलो, तेही लात्वियाकडून. २०२४: पोर्टो रिकोचा अल्वाराडो, सगळ्या कोर्टवर सगळ्यात बुटक्यांपैकी एक, आणि तोच भारी पडला. हे सगळे गार्ड आहेत. अपवाद २०२५ च्या युरोबास्केटचा, क्वार्टरफायनलला ग्रीसकडून ८७-७६ हरलो तेव्हा समोर त्यांचा एनबीए स्टार यानिस होता, गार्ड नव्हे, त्याला काय म्हणणार. पण त्याच टूर्नामेंटमध्ये आपला पॉइंट गार्ड योकुबाइतिस ग्रुपमध्येच गुडघा धरून बाहेर गेला होता, तेव्हा अपवाद पण अर्धाच.

उलटा पुरावा पण आहे. स्वातंत्र्यानंतरचं एकमेव युरोबास्केट गोल्ड कधीचं? २००३, स्वीडन. थोरला साबोनिस नाही, इल्गाउस्कास नाही. सारास, शिश्काउस्कास, मात्सियाउस्कास, श्टोम्बेर्गास, म्हणजे बाहेरून खेळणारी पोरं. एकही मॅच न हरता, फायनलला गासोलच्या स्पेनला ९३-८४, स्पर्धेतला सर्वोत्तम प्लेअर (एमव्हीपी) सारास. ज्या देशाची ओळख सेंटरची, त्याने कप जिंकला तो स्टार सेंटरशिवाय.

पण मेडल तर नंतरही आली ना?

आली की. २००७ ला युरोबास्केटचं ब्राँझ. २०१० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तर वाइल्डकार्डवर, म्हणजे आमंत्रणावर, घुसलेली टीम तुर्कस्तानातून ब्राँझ घेऊन आली, आपला क्लेइझा पेटला होता, सर्बियाला ९९-८८. २०१३ आणि २०१५ ला युरोबास्केटची लागोपाठ सिल्व्हर. मी रडका फॅन आहे, टीम रडकी नाही. फक्त त्या दोन फायनल बघा, फ्रान्सकडून ८०-६६ आणि स्पेनकडून ८०-६३. दोन्हीकडे स्कोअर साठीच्या घरात अडकला. वरचं गार्डपुराण पुन्हा वाचा.

सगळ्यात जास्त लागलेली हार कोणती?

२०११ चं युरोबास्केट. यजमान आपण, काउनासला नवंकोरं झाल्गिरिओ अरेना, १९३९ नंतर पहिल्यांदा स्पर्धा घरी. क्वार्टरफायनलला समोर मॅसेडोनिया, सगळे सेमीफायनलचं बोलत होते. लीड होती. शेवटच्या काही सेकंदांत इलिएव्स्कीने कोपऱ्याकडून थ्री मारला, गेला आत, ६७-६५. अरेनात पंधरा हजार लोक आणि ऐकू येत होता फक्त मॅसेडोनियाचा बेंच. टीव्हीवर एक बाई दिसली होती, गालावर झेंडा रंगवलेला, दोन्ही हात डोक्यावर, आणि कॅमेरा हलेपर्यंत ती तशीच. नंतर टीम पाचवी आली आणि त्या जोरावर लंडन ऑलिंपिकची क्वालिफाइंग मिळाली, पण ते कोणाला आठवतंय.

रेफरी खरंच लिथुआनियाच्या विरोधात असतात का?

फॅन म्हणून विचाराल तर हो. डोकं शांत ठेवून विचाराल तर नाही, पण नमुने असे आहेत की डोकं शांत राहत नाही.

१९९५, अथेन्स, युरोबास्केटची फायनल. निर्णयांवर टीम इतकी चिडली की कोर्टवर परत यायलाच तयार नव्हती. शेवटी समोरच्या जॉर्जेविचनेच, ज्याने ४१ मारले त्यानेच, येऊन समजावलं आणि मॅच पूर्ण झाली. ९६-९०.

२०१९, चीन, वर्ल्ड कप. फ्रान्सविरुद्ध अगदी शेवटी वालान्च्युनासचा फ्री थ्रो रिंगवर होता आणि त्यांच्या गोबेअरने तिथे हात घातला, जे नियमात बसत नाही. शिट्टी नाही. ७८-७५ ने स्पर्धेबाहेर. कोच अडोमाइतिस प्रेस कॉन्फरन्समध्ये असे सुटले की ते शब्द इथे लिहिता येणार नाहीत, आणि पद पण सोडलं. नंतर फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेने, चूक झाली हे मान्य केलं. मान्य करून काय, पॉइंट मिळतो का?

२०२२, कोलोन, युरोबास्केट. जर्मनीच्या कोचला टेक्निकल फाउल, म्हणजे वागणुकीबद्दलचा फाउल, दिला आणि त्याचा फ्री थ्रो आपल्याला द्यायचा राहूनच गेला. विसरले! मॅच दोन ओव्हरटाइमपर्यंत गेली, १०९-१०७ ने हरलो. म्हणजे त्या एका फ्री थ्रोवर काय काय झालं असतं याचा हिशोब प्रत्येक फॅनने स्वतःचा स्वतः केलाय. प्रोटेस्ट केला, फेटाळला गेला. आता यावर कुणी म्हणेल की टीमच्या बेंचवरही कोणाच्या लक्षात यायला हवं होतं. बरोबर आहे. म्हणूनच जास्त चिडचिड होते.

एनबीए बघतो, फिबाचे नियम वेगळे असतात का?

थोडे. क्वार्टर १० मिनिटांचा, ५ फाउलवर बाहेर, थ्रीची लाइन ६.७५ मीटर, आणि टाइमआउट फक्त बेंचवरून, प्लेअर मागू शकत नाही. मैदानातून मारलेला शॉट रिंगला लागला की बॉल कुणीही उडवू शकतो, एनबीए बघणाऱ्यांना हे बघून धक्का बसतो. बास्केटखाली डिफेंडरने तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही हा एनबीएचा नियम इथे नाही, त्यामुळे समोरचा सेंटर आत तंबू ठोकून बसतो, आणि सेंटरवर चालणाऱ्या आपल्या टीमला हे किती महागात पडतं हे वेगळं सांगायला नको.

वर्ल्ड कप किंवा युरोबास्केटच्या क्वालिफायरमध्ये ओळखीचा एकही चेहरा का नसतो?

कारण नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या विंडोमध्ये, म्हणजे देशांच्या मॅचसाठी ठेवलेल्या दिवसांत, एनबीए थांबत नाही आणि युरोलीगवाल्यांचं, म्हणजे युरोपच्या मोठ्या क्लबांच्या लीगचं, पण कॅलेंडरवरून भांडण आहे. मग छोट्या क्लबमधली पोरं खेळतात. पण खरं सांगू का, मला या मॅच आवडतात. स्टार नसलेली बारा पोरं येऊन एकमेकांना पास देतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यातला एखादा मेन टीमच्या बेंचवर दिसला की आपण ओळखतो त्याला.

डोमांतास साबोनिस नेहमी का खेळत नाही?

२०२३ ला नव्हता, २०२४ ला सॅन हुआनमध्ये होता, २०२५ ला नव्हता. एनबीएचा ८२ मॅचचा सीझन, प्लेऑफ, दुखापती, कॉन्ट्रॅक्ट, क्लबच्या परवानग्या, विमा, या सगळ्यातून उन्हाळा शिल्लक राहिला तर माणूस येणार. बापाशी तुलना करून त्याला शिव्या घालणारे फॅन आहेत, मला ते पटत नाही. वालान्च्युनास मात्र २०११ पासून बहुतेक दर उन्हाळ्याला हजर, त्याचं कौतुक त्या मानाने कमीच होतं. २०२५ ला ग्रीसविरुद्धसुद्धा तो एकटाच शेवटपर्यंत भांडत होता.

लहान फॉरमॅटमध्ये, ३ बाय ३ मध्ये, लिथुआनिया आहे का?

आहे, आणि पॅरिस २०२४ ला ब्राँझ मिळालं, लात्वियाला हरवून! म्हणजे ५ बाय ५ ची टीम घरी बसून बघत होती आणि हे चौघे मेडल घेऊन आले.

भारताची टीम नाही का बघत?

बघतो. भारत ऑलिंपिकला एकदाच खेळलाय, १९८० मॉस्को. २०१४ ला वुहानमध्ये चीनला ६५-५८ ने हरवलं होतं, चीनमध्ये जाऊन. तो वेगळा विषय आहे आणि त्याचे प्रश्न इतके आहेत की स्वतंत्रच लिहावं लागेल.

आता नवीन माणसाने काय बघायला सुरुवात करावी?

पुढचं मोठं टार्गेट २०२७ चा वर्ल्ड कप, कतारमध्ये, आणि मग २०२८ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक, म्हणजे लुबिनासचं जन्मगाव. जुन्यातलं बघायचं तर २००० ची सेमीफायनल पूर्ण बघा, हायलाइट नको. २००३ ची फायनल बघा. २०२३ चा अमेरिकेविरुद्धचा पहिला क्वार्टर बघा आणि तिथेच बंद करा, दोन दिवसांनंतरची सर्बियाची मॅच लावू नका. आणि नवीन मॅच बघताना स्कोअरपेक्षा एक गोष्ट बघत जा, चौथ्या क्वार्टरला बॉल वर कोण आणतोय. योकुबाइतिस फिट असेल आणि बॉल त्याच्या हातात असेल तर खुर्ची पुढे ओढा. नसेल तर चहा ठेवा, मॅच कशी जाणार ते मी आत्ताच सांगतो.